दुसरी सीडी बावड्याला

बारामती, ९ ऑगस्ट २०२३

ज्ञानेशराव यांना मानसिंगचा नमस्कार.

फोन सोडून कागद आला म्हणून दचकू नका. घरच्या ग्रुपवर एक ओळ टाकली की संध्याकाळपर्यंत ती पणदऱ्याला सासरी वाचली जाते, आणि फोन तुम्ही स्पीकरवर ठेवून बोलता हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तुमच्या गावच्या दत्तोबाला पकडलं. पेरू मार्केटला उतरवून तो रिकामा टेम्पो घेऊन बावड्याला निघालाय. उत्तर पुढच्या खेपेला त्याच्याच हाती द्या.

आता मुद्दा. रविवारी धोंड्याच्या जेवणाला आपण दोघे साडू शेजारी शेजारी बसलो होतो. आपल्या सासऱ्यांनी, दादासाहेबमामांनी, सीडीचं दुकान बंद झाल्यापासून लोखंडी कपाटात जपलेले सगळे पिक्चर जावयांना वाण म्हणून देऊन टाकले. "चांदीचं निरांजन तर समदेच देत्यात," म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. थोरला जावई मी. ते कपाट आज ना उद्या माझ्याकडेच येणार, असं मी लग्नाच्या मांडवापासून धरून चाललो होतो.

घरी येऊन खोकं उघडलं तर प्रत्येक डबीत एकच सीडी! पहिली. मध्यंतरापर्यंतची. दुसरी सगळीकडे तुमच्या वाट्याला. भामामामींना फोन केला तर सासूबाई शांतपणे म्हणतात, "अवो, धोंड्याचं वाण हाय ते. एका जावयाला ज्यादा आन् एकाला कमी, असं करून कसं चालंल? म्हणून हरेक डबीतलं निम्मं निम्मं केलं." अनारसे वाटावेत तसे पिक्चर वाटले. आणि जे काही पिक्चर तीन सीड्यांचे आहेत, त्यांतली तिसरी तुम्हाला. हा कुठला न्याय?

झालं ते झालं. दुसऱ्या सीड्या आणि त्या तिसऱ्याही मला पाठवून द्या. मामा जेवताना काय म्हणाले ते तुम्हीही ऐकलंत: "डोळ्याचं आपरेशन झालं की म्हैनाभर लेकीकडं ऱ्हाणार. जिच्याकडं माझं पिक्चर लागत्याल, तिच्याकडं." ऑपरेशन बारामतीत होणार, तर राहणंही बारामतीतच व्हायला हवं. मी घरी सर्व्हर करतोय. पतसंस्थेतला जुना कॉम्प्युटर आणलाय, त्यात सगळ्या सीड्या भरून टीव्हीला जोडणार. सॉफ्टवेअरही फुकटचं नाही, विकतचं घेतोय.

रतनचा धाकट्या बहिणीला, तुमच्या छकुलीला, आशीर्वाद.

तुमचा,
मानसिंग


बावडा, १३ ऑगस्ट २०२३

मानसिंगराव, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दत्तोबानं भर चौकात "बारामतीच्या पाव्हण्यांचं टपाल" म्हणून ओरडत दिलं, तेव्हा गुप्तता तेवढीच राहिली.

तिसरी सीडी मी मागून घेतली नाही हो. मामी म्हणाल्या, "धाकट्याला घाला, धाकटा हाय," आणि घातली. माझ्याकडेही घरी येऊन तोच घोळ. टीव्हीवर पहिलाच पिक्चर लावला तर हिरॉईन कुणाच्या तरी चितेपुढे उभी. कोण गेलं, कसं गेलं, काही पत्ता नाही. छकुली हसून हसून लोळली.

सर्व्हर मीही केलाय. पोराच्या जुन्या कॉम्प्युटरवर, फुकटच्या सॉफ्टवेअरवर. घरातल्या घरात चालतं, पण आमच्या टीव्हीला त्याचं ॲप मिळेना, आणि बाहेरगावच्या माणसाला दाखवायचं तर इतकी खटपट की तेवढ्यात बागेला औषधाचा एक डोस फवारून होईल. म्हणून मीही विकतचं बघतोय. तुम्ही कोणतं घेतलंत? त्या पिवळ्या चिन्हाचं की हिरव्या? तुम्ही बारकाईनं बघणारे, म्हणून विचारतो.

दुसऱ्या सीड्यांचं म्हणाल तर सोपं आहे. माझ्या कॉपी मी हार्ड डिस्कवर देतो, तुमच्या तुम्ही द्या. दोन्ही घरी पिक्चर पूर्ण. मामींचं वाणही मोडत नाही.

सोबत पेरू आहेत. दत्तोबा वाटेत चार खाणार, ते धरूनच भरलेत.

आपला,
ज्ञानेश


बारामती, १७ ऑगस्ट २०२३

ज्ञानेशराव,

पेरू मिळाले. गोड होते.

कॉपीचा बेत मला पसंत नाही. दोन्ही घरी पिक्चर पूर्ण झाले, मग मामा कुणाकडे राहतील? उत्तर तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. म्हणून तर तुम्ही इतक्या सहज कॉपी देऊ करताय.

पिवळं घेतलंय मी, कायमचं. दरवर्षी पैसे भरायची कटकट नको. रात्रंदिवस वाचून, तिन्ही वापरून बघून ठरवलं. ते पिक्चरचं नाव ओळखून आपोआप पोस्टर लावतं, नटनट्यांची नावं आणतं, आणि बाहेरगावच्या माणसाला एक चिठ्ठी धाडली की त्याच्या टीव्हीवर आपली लायब्ररी उघडते. ज्याचं त्याचं वेगळं खातं. कोण काय बघतंय ते मला इथं बसून दिसतं. पणदऱ्याला मामा-मामींना खातं दिलं, नरसिंहपूरच्या तानूबाईआत्यांना दिलं, सोसायटीच्या चेअरमनना दिलं, माझ्या ऑफिसातल्या चौघांना दिलं. एका पोस्टरवर क्लिक केलं की पडदा कसा भरून जातो, बघाच एकदा. तुमच्या बावड्यात लाईट गेल्यावर काय होतं ते मात्र तुम्ही बघा.

एक गोष्ट मनात आहे ती लिहूनच टाकतो, म्हणजे पोटात राहणार नाही. धोंड्याच्या जेवणाला मामींनी तुमच्या पानात आधी वाढलं. आधी! आणि तूप इतकं की तुमच्या धोंड्यावरून ओघळून भातात गेलं. माझ्या पानाशी आल्या तोवर तपेली खरवडावी लागली. तुमच्या लग्नाआधी त्या घरात मी आलो की मामा दुकानाला कुलूप लावायचे. आता मी आलो तर "बसा, ज्ञानेश येईस्तोवर चहा घ्या" म्हणतात. तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. वाईट असता तर बरं झालं असतं.

सीड्या पाठवा.

मानसिंग


बावडा, २ सप्टेंबर २०२३

मानसिंगराव, नमस्कार.

मामांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप झालं आणि ते तुमच्याकडेच मुक्कामाला आहेत हे कळलं. जिवाला बरं वाटलं. रतनआक्कांनी जपलं असणार.

मी हिरवं घेतलं. तुम्ही हसाल, पण आमच्याकडे नेट जातं तेव्हा ते घरातल्या घरात गपगुमान चालत राहतं, आणि कुणी काय बघायचं ते ठरवायला सोपं. तुमचं पाहून मीही सगळ्यांना खाती दिली. आता गंमत ऐका. तानूबाईआत्या संध्याकाळी तुमच्याकडे पिक्चर लावतात. मध्यंतर झालं की तुमच्याकडून उठून थेट माझ्याकडे. तुमचा चेअरमनही तसाच येतो. आत्यांचा काल फोन आला, "ज्ञानेश, तुझंच पिक्चर ग्वाड लागत्यात. मानसिंगचं निस्तं रडवून सोडून देत्यात." मी समजावलं की शेवट माझ्या वाट्याला आलाय, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. पटलं नाही त्यांना.

आणि बारामतीतून कुणीतरी गेला पंधरवडा रोज दुपारी माझ्याकडे येतं. न चुकता. थेट दुसरा अर्धा लावतं आणि शेवटची पाटी येईपर्यंत हलत नाही. इतका मन लावून बघणारा प्रेक्षक मला दुसरा नाही. नाव विचारू नका, सांगणार नाही.

कॉपीचं अजून म्हणतोय. हार्ड डिस्क भरून ठेवलीय.

ज्ञानेश


बारामती, ६ सप्टेंबर २०२३

ज्ञानेशराव,

नाव सांगू नका. मला कळलं.

पंधरवडा म्हणजे मामा इथं आल्यापासूनच. मी दिवसभर पतसंस्थेत. घरी दुपारी कोण असतं? मामा! माझ्या घरात, माझ्या कॉटवर, माझ्या वायफायवर, मी आणलेलं शहाळं पीत, आणि पिक्चर कुणाचे बघायचे तर तुमचे! परवा मी विचारलं, "मामा, आपला सर्व्हर कसा वाटला?" तर म्हणाले, "झ्याक हाय." झ्याक हाय! आणि दुपारी तिकडे.

माझा पिवळा पडदा मी उघडून बघितला. मामांच्या खात्यावर काही नाही, कोरं. मी त्यांच्यासाठी ती सगळी पोस्टरं एकेक निवडून लावली हो. जिथं सॉफ्टवेअरला पोस्टर सापडलं नाही तिथं जुन्या डबीचा फोटो काढून लावला. रात्री जेवण टाकून बसायचो. रतन म्हणायची झोपा आता.

मी जळतो, ज्ञानेशराव. लिहायला लाज वाटते पण जळतो. तुम्ही काही न करता मिळवता आणि मी करून करून मरतो.

आज सकाळी मी घरच्या राउटरमधून तुमचं हिरवं ॲप बंद करून टाकलंय. या घरात आता ते उघडणार नाही. आणि मामांशी रात्री स्पष्ट बोलणार आहे.

मानसिंग


बावडा, १२ सप्टेंबर २०२३

अहो,

आपल्याला पत्राची सवय नाही. लग्न ठरल्यावर मी एक लिहिलं होतं, त्याला तुमचं उत्तर आलं नव्हतं. हे दुसरं.

आबा बरे आहेत. डोळ्यात थेंब वेळेवर घालते. सगळ्यांसमोर जेवताना तुम्ही त्यांना म्हणालात, "ज्याचं पिक्चर बघताय, त्याच्याकडंच ऱ्हावा की मग." त्यांनी हातातला घास खाली ठेवला, हे तुम्ही बघितलं का? मी बघितलं. सकाळी त्यांनी पिशवी भरली तेव्हा एका डोळ्याला पट्टी घेऊन एकटे कसे जाणार, म्हणून मी बरोबर निघाले. तुम्ही बाथरूममधून बाहेर आला नाहीत.

आबांनी एकही पिक्चर बघितला नाही. डॉक्टरांनी टीव्ही नको म्हटलंय, हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. ते दुपारी कानाशी रेडिओ घेऊन झोपायचे. "झ्याक हाय" म्हणाले ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

दुपारी बघणारी मी.

आता रागवायच्या आधी नीट ऐका. आबांच्या दुकानात लहानपणी मीच बसायचे. टीव्ही चालूच असायचा, पण निम्मा पिक्चर झाला की गिऱ्हाईक यायचं किंवा आई हाक मारायची. लग्न झालं, तुमच्या शेजारी बसून बघायला लागले. मध्यंतर झालं की तुम्हाला चहा हवा. चहा झाला की भाकरीची वेळ. भाकरी टाकून येईपर्यंत तुम्ही टीव्ही बंद करून म्हणणार, "चांगला होता." मला सगळ्या पिक्चरचे पहिले अर्धे पाठ आहेत हो. पुढं काय झालं ते एकाचंही माहीत नव्हतं. तुम्ही घरी आणलेलं खोकं उघडलंत आणि "निम्मेच आहेत" म्हणून डोक्याला हात लावलात, तेव्हा मी स्वयंपाकघरात हसले. मला वाटलं, आता यांना कळेल.

तुम्ही गावभर खाती वाटलीत. आत्यांना, चेअरमनना, ऑफिसातल्या ज्या माणसाचं नावही मी ऐकलं नव्हतं त्याला. माझ्या नावाचं केलं नाहीत. मी एकदा तुमच्या नावावर बसून पिक्चर लावला, तर दुसऱ्या दिवशी ओरडलात, माझी 'पुढे चालू'ची ओळ बिघडवलीस म्हणून. मी ही गोष्ट छकुलीला हसत हसत फोनवर सांगितली. फोन स्पीकरवर होता. ज्ञानेशरावांनी तासाभरात खातं करून पाठवलं. त्यावर नाव होतं रतनआक्का, आणि बाजूला जास्वंदीचं चित्र. मी ते उघडलं आणि बराच वेळ नुसतं नावाकडे बघत बसले. पिक्चर नंतर लावला.

त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही कारण मीच शपथ घातली होती. मला वाटलं तुम्ही ओळखाल. रोज संध्याकाळी मी तुम्हाला एखाद्या पिक्चरचं विचारायचे, "त्या धाकट्या भावाचं पुढं काय झालं असंल?" तुम्ही सर्व्हरच्या तारा बघत असायचात. एकदाही "तुला माहीत आहे का?" असं विचारलं नाहीत.

तुम्ही ज्ञानेशरावांवर जळता, मला दिसतं. आईनं त्यांना तूप जास्त वाढलं म्हणून तुम्हाला झोप लागत नाही. इतकी वर्षं मी शेजारी झोपते. माझ्यासाठी कधी जळलात का हो? मी दुपारभर दुसऱ्याच्या घरचे पिक्चर बघते हे तुम्हाला कळलं असतं तर काय वाटलं असतं, ते मला बघायचं होतं. तुम्हाला कळलं तेव्हाही तुम्हाला आबाच दिसले.

आबा इथंच महिनाभर राहणार म्हणतात. दुसऱ्या डोळ्याचं ते इंदापूरला बघू म्हणतात. मी कधी येईन ते आता सांगत नाही. तुमची गोळी कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे.

रतन


बारामती, १५ सप्टेंबर २०२३

रतन,

पहिल्या पत्राचं उत्तर आधी देतो. तुझं ते पत्र आलं होतं. मी आठ-दहा वेळा लिहायला बसलो आणि माझं अक्षर तुझ्यापेक्षा वाईट आहे म्हणून फाडलं. बघ, तेव्हाही जळतच होतो.

मामांना मी जे बोललो त्याला माफी नाही. तरी मागतो. बाथरूममध्ये मी आंघोळ करत नव्हतो. नळ सोडून उभा होतो, बाहेर यायचं तोंड नव्हतं.

दत्तोबाच्या टेम्पोत खोकं ठेवलंय. सगळ्या पहिल्या सीड्या आहेत, आणि हार्ड डिस्कवर त्यांच्या कॉपी. ज्ञानेशरावांना दे आणि सांग, त्यांच्या हिरव्यावर पिक्चर पूर्ण करून घ्या. थेंब संपले आणि डॉक्टर हो म्हणाले की मामांनी तिथंच पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे बघावेत. महिनाभर तिथंच राहू देत. हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला, पण लिहिलं. ज्ञानेशरावांना एवढंही सांग की ते वाईट असते तर बरं झालं असतं, हे मी मागं लिहिलं होतं ते मागं घेत नाही.

राउटरमधलं बंद केलेलं काढलं. मग बसून तुझ्या नावाचं खातं केलं. चित्र कोणतं लावावं ते कळेना. जास्वंद लावायला हात गेला, पण ती त्यांनी लावलीय. तुला कोणतं फूल आवडतं हे आठवायला लागलो, आणि आठवेना. विसरलो म्हणावं तर तेही खरं नाही, मी विचारलंच नव्हतं. जागा मोकळी ठेवलीय, आलीस की तू लाव.

खातं तयार झाल्यावर ते एकदा उघडून बघितलं. मधोमध एकच ओळ आली: यांनी अजून काहीही पाहिलेलं नाही. सॉफ्टवेअर नवं खातं उघडलं की सगळ्यांनाच तसं म्हणतं, मला माहीत आहे. आत्यांच्या खात्यावरही पहिल्या दिवशी तेच होतं. पण तुझ्या नावाखाली ती ओळ वाचली आणि मला उठून गॅलरीत जावं लागलं.

गणपतीच्या आधी ये असं म्हणायचा हक्क मला नाही. वाटलं तर ये. ज्या दिवशी येशील त्या दिवशी पिक्चर तू निवड, रिमोट तुझ्याकडे. मध्यंतराला चहा मी करीन. वाईट होईल, पण करीन, आणि भाकरी त्या दिवशी खानावळीतून आणू. शेवटची पाटी पडेपर्यंत मी उठणार नाही. आणि त्या धाकट्या भावाचं पुढं काय झालं ते मला खरंच माहीत नाही. तुला माहीत आहे. सांग.

मानसिंग

ता. क. ज्ञानेशरावांच्या सर्व्हरवरचं तुझं नाव काढायला सांगू नकोस, राहू दे. फक्त तिथं दुपारी काय काय बघितलंस, कुठं हसलीस, कुठं रडलीस, ते मला सांगत जाऊ नकोस. माझा जीव जळतो. या वेळी साडूपायी नाही.